यहूदाचा संशय कुणालाच आला नव्हता

तुम्ही येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या यहूदा इस्कर्योतावर सहा भागांची मालिका लिहायला घेतली आहे आणि त्याने येशूला का पकडून दिलं, इथेच गाडी अडली आहे. पैसा, राजकारण, सैतान की विधिलिखित, यातलं काय धरायचं असं तुम्ही विचारता. त्याच्या मरणाच्या दोन न जुळणाऱ्या हकीकती आहेत, त्यातली कोणती घ्यावी आणि त्याच्याबद्दल सहानुभूती दाखवली तर चर्चमधली मंडळी बिथरतील का, हेही विचारलं आहे. मी पौराणिक आणि ऐतिहासिक मालिकांच्या पटकथा लिहितो, तेव्हा उत्तर धर्मशास्त्र्याचं नाही, पटकथालेखकाचं आहे असं समजून वाचा.

कारणापासून सुरुवात करू नका. मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांची चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, पुन्हा वाचा, पण या वेळी फक्त प्रसंगांचा क्रम बघा. सर्वांत जुनं मानलं जाणारं मार्कचं शुभवर्तमान कारण देतच नाही. चौदाव्या अध्यायात बेथानीतल्या एका घरी एक स्त्री येशूच्या मस्तकावर महागडं सुगंधी तेल ओतते, काही जण कुरकुरतात, येशू तिची बाजू घेतो. आणि लगेच पुढच्या ओळीत यहूदा उठून मुख्य याजकांकडे जातो. मध्ये एकही वाक्य नाही. संकलनाच्या टेबलावर बसलेला कुणीही ओळखेल की मार्कने इथे सरळ कट मारला आहे. कारण-परिणाम सांगितलेला नाही, दोन दृश्यं शेजारी ठेवली आहेत. मत्तयात यहूदाच विचारतो की मला काय द्याल. लूक म्हणतो, त्याच्यात सैतान शिरला. योहान तर त्याला चोरच ठरवतो: तेलावरून कुरकुरणारा हाच, पैशाची पिशवी याच्याकडे आणि तो त्यातले पैसे मारायचा. एकाच माणसाबद्दल चौघांच्या चार तऱ्हा. त्यामुळे ‘खरं कारण’ शोधायला निघालात तर ते मूळ ग्रंथात हाती लागणार नाही, आणि स्वतः रचलंत तर सहाही भाग त्याच एका खुंटीला टांगावे लागतील.

आपल्या धंद्यात हीच खोड आहे. चॅनेलची क्रिएटिव्ह टीम पहिल्याच मीटिंगला विचारते, “याची बॅकस्टोरी काय?” मग लहानपणी बाप मारायचा, बहीण रोमन सैनिकांनी पळवली, असलं काहीतरी चिकटवलं जातं. विश्वासघात करणाऱ्याच्या मागे जखम लावली की प्रेक्षकाला हायसं वाटतं, कारण मग तो माणूस आपल्यासारखा राहत नाही.

या बाबतीत अभ्यासायचीच झाली तर फ्रँको झेफिरेल्लीची ‘जीझस ऑफ नाझरेथ’ ही १९७७ची मालिका बघा. सहा तासांहून मोठी, ब्रिटन आणि इटली यांची संयुक्त निर्मिती, मोरोक्को आणि ट्युनिशियात चित्रित झालेली. पटकथेत अँथनी बर्जेस आणि सुसो चेक्की दामिको अशी दांडगी माणसं. येशूच्या भूमिकेत रॉबर्ट पॉवेल, यहूदा झालाय इयन मॅकशेन. हा यहूदा चोर नाही, लोभीही नाही. शिकलेला आहे, राजकारण कळतं असं त्याला वाटतं. येशूची आणि ज्यूंच्या न्यायसभेची एकदा गाठ घालून दिली की सगळं सुरळीत होईल, अशी त्याची समजूत आहे. ही समजूत त्याच्या डोक्यात पक्की करतो झेरा नावाचा एक शास्त्री. इयन होमने तो इतका गोड बोलणारा केलाय की आपलाही विश्वास बसावा. हा झेरा बायबलमध्ये कुठेच नाही, लेखकांनी तो उभा केला आहे.

झेरा म्हणजे यहूदाची मंथरा. कैकेयीने दोन वर मागितले, पण मंथरा मध्ये असल्यामुळे कैकेयीचं पाप आपल्याकडे कायम थोडं हलकं झालं. वाल्मीकींकडे मंथरा आयती होती. झेफिरेल्लीच्या टीमला ती घडवावी लागली. पटकथा म्हणून युक्ती चोख आहे. यहूदाच्या मनातला गोंधळ दाखवायला समोर बोलायला कुणीतरी हवं, नाहीतर स्वगतं लिहावी लागतात आणि पडद्यावर स्वगत म्हणजे शिक्षा. पैशाचंही बघा: सौदा म्हणून नाही, काम झाल्यावर, जाता जाता दिल्यासारखी थैली त्याच्या हातात पडते. तोवर आपण काय विकलं हेच त्याला कळलेलं नसतं.

पण या युक्तीची किंमत आहे आणि ती मला जड वाटते. यहूदा फसवला गेला म्हटलं की त्याने फसवलं हे उरत नाही. विश्वासघाताची गोष्ट गैरसमजाची गोष्ट होऊन बसते. मॅकशेनचा अभिनय सुंदर आहे, पण मालिका संपल्यावर मला यहूदाची कीव येते, भीती वाटत नाही. कैकेयीच्या बाबतीतही मला हेच खटकतं. मंथरा काढून टाका, मग बघा ते पात्र केवढं मोठं होतं.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. यहूदावरचा दोष काढला तर तो कुठेतरी ठेवावा लागतो, आणि हाताशी असतात याजक आणि शास्त्री, म्हणजेच ज्यू. शतकानुशतकं युरोपातल्या, येशूचे हाल आणि मृत्यू दाखवणाऱ्या दुःखसहनाच्या नाटकांनी हेच केलं. यहूदा म्हणजे सगळे ज्यू असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं आणि त्यातून प्रत्यक्ष माणसं मारली गेली. १९६५मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येणार नाही. जर्मनीतल्या ओबरआमरगाव गावात १६३४पासून दुःखसहनाचं नाटक होतं, साधारण दर दहा वर्षांनी. तिथली संहिताही अलीकडच्या दशकांत या अंगाने बरीच बदलली आहे. २०२२च्या प्रयोगांत यहूदाची भूमिका तुर्की वंशाच्या एका तरुण मुस्लिम नटाने केली. तुमच्या मालिकेत महायाजक कयफा आणि बाकीचे याजक दाढ्या कुरवाळत कट करणारे दिसले, तर सहानुभूतीपेक्षा ती चूक फार मोठी ठरेल.

यावर बीबीसीच्या २००८च्या ‘द पॅशन’मध्ये चांगला उपाय सापडतो. पवित्र आठवड्यात दाखवलेली ही मालिका फ्रँक डीझीने लिहिली होती. त्यातला कयफा खलनायक नाही, पेचात सापडलेला कारभारी आहे. वल्हांडण या ज्यूंच्या सणासाठी यरुशलेम यात्रेकरूंनी फुगलेलं, वर रोमन सुभेदार पिलात आणि त्याचे सैनिक, जरा दंगल झाली की कत्तल. एक माणूस गेला तर लोक वाचतील हा हिशेब तो मांडतो. हा हिशेब योहानाच्या अकराव्या अध्यायात आहेच, लेखकाने पदरचा घातलेला नाही. याजकांना असं माणूसपण दिलंत तर यहूदाचा भार त्यांच्यावर ढकलावा लागत नाही, तो यहूदाच्याच खांद्यावर राहतो.

आता माझं मुख्य म्हणणं. योहानाच्या तेराव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणतो, तुमच्यातला एक मला धरून देईल. मग घास बुडवून यहूदाला देतो आणि जे करायचं ते लवकर कर असं सांगतो. यहूदा उठून जातो. आणि योहान लिहितो की येशू त्याला असं का म्हणाला हे पंक्तीतल्या कुणालाच समजलं नाही! पिशवी त्याच्याकडे असल्यामुळे काहींना वाटलं, सणाचं सामान आणायला पाठवलं असेल किंवा गरिबांना काही द्यायला. एवढं सांगूनही अकरा जणांच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. मत्तयात तर प्रत्येक जण विचारतो की मी तर नाही ना. म्हणजे त्यांना स्वतःचा संशय येतो, यहूदाचा येत नाही.

तुमची सगळी मालिका या एका गोष्टीवर उभी करा. नटाची निवड, वेशभूषा, प्रकाशयोजना, सगळ्यांना हाच नियम. युरोपियन चित्रकारांनी यहूदाला पिवळा झगा आणि वाकडं नाक दिलं. आपल्याकडे ‘महाभारत’मध्ये गूफी पेंटल शकुनी म्हणून लंगडत आले आणि घराघरांत पोचले, त्या पात्राला ते शोभलं, कारण शकुनीबद्दल कुणाची फसगत व्हायचीच नव्हती. यहूदाचं उलटं आहे. त्याच्यावर डोळे बारीक करून टाकलेला एक क्लोज-अप गेला की संपलं. प्रेक्षकाला शेवट माहीत आहे, तेवढं पुरे. बाराजणांत सर्वांत भरवशाचा, हिशेबाला चोख, पावसात सगळ्यांची सोय लावणारा माणूस तो असावा. पिशवी उगाच कुणाच्या हातात देत नाहीत.

मग नाट्य कुठून येणार? मत्तयाने जागा दाखवून ठेवली आहे. सौदा भोजनाच्या आधीच झालाय आणि तेव्हापासून यहूदा संधी शोधत होता, असं त्याने लिहिलंय. हा मधला काळ तुमचा आहे. सौदा करून तो परत येतो, त्यांच्यातच राहतो, जेवतो, बहुधा येशूकडून पायही धुऊन घेतो; योहानाच्या क्रमाने गेलात तर पाय धुताना यहूदा अजून तिथेच आहे. माघारी फिरायच्या किती वेळा आल्या आणि तो फिरला नाही, हे दाखवा. कारण मोघम राहिलं तरी चालेल, पण प्रत्येक वेळ नेमकी हवी. चित्रपटाच्या दोन तासांत हे बसत नाही, भागांच्या मालिकेत बसतं.

लांबीचा फायदा काय असतो हे हल्लीच्या ‘द चोझन’मध्ये दिसतं. डॅलस जेंकिन्सची ही मालिका लोकवर्गणीतून उभी राहिली. तिच्यातला यहूदा दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे येतो: व्यापारी डोक्याचा, हुशार, या चळवळीला नीट व्यवस्थापन हवं असं मनापासून वाटणारा पोरगा. पकडून देण्याची वेळ पाचव्या सीझनमध्ये येते. तोवर प्रेक्षक त्याच्याबरोबर कित्येक तास हिंडलाय, हसलाय. सगळ्या प्रसंगांशी मी सहमत नाही, संवाद मधूनमधून आजच्या ऑफिसातले वाटतात. पण त्याला आधी मित्र होऊ दिलं, हे अगदी बरोबर. तुमच्याकडे सहाच भाग आहेत. त्यातले निदान तीन यहूदा चांगला असतानाचे हवेत. यावर चॅनेलशी भांडावं लागेल, भांडा.

बायबलच्या येशूपूर्व भागातल्या, म्हणजे जुन्या करारातल्या विश्वासघातांना ही अडचण नाही, म्हणूनच टीव्हीला ते जास्त आवडतात. योसेफाच्या भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकलं. कारण उघड आहे, मत्सर. विकायची कल्पना काढणाऱ्या भावाचं नावही यहूदाच. वर शेवटी इजिप्तमध्ये रडारड आणि समेट, म्हणजे शेवटचा भाग आयता तयार. अमेरिकेत १९९५मध्ये बेन किंग्जली योसेफाचा इजिप्तमधला धनी पोटीफर झालेला ‘जोसेफ’ आला, इराणने कुराणातल्या कथेवर मोठी मालिका केली, ब्राझीलच्या रेकॉर्ड वाहिनीनेही केली. शमशोनाला शत्रूच्या हाती देणाऱ्या दलीलाचंही कारण ग्रंथात लिहिलेलं आहे: पलिष्ट्यांचा प्रत्येक सरदार तिला अकराशे रुप्याची नाणी द्यायला तयार होता. तरी पटकथाकार तिच्या तोंडी प्रेम घालतातच, जरी शास्ते पुस्तकात शमशोनाचं तिच्यावर प्रेम होतं एवढंच आहे, तिचं त्याच्यावर होतं असं कुठे नाही. योसेफाच्या कथेतली एक बारीक गोष्ट मात्र चोरण्याजोगी आहे. भावाला खड्ड्यात टाकून झाल्यावर ते सगळे जेवायला बसतात. यहूदाने सौदा करून परत आल्यावर काय केलं हे तुम्हाला सुचत नसेल, तर हे घ्या.

त्याने नेमकं विकलं काय, हेही नीट समजून घ्या, बऱ्याच मालिकांत ते धूसर राहतं. येशू दररोज मंदिरात उघडपणे शिकवत होता, त्याला ओळखणारे शेकड्यांनी होते. अडचण गर्दीची होती. सणात दिवसाढवळ्या हात घातला तर लोक उठतील ही याजकांची भीती मार्कने नोंदवली आहे. तेव्हा यहूदाने दिली ती जागा आणि वेळ: रात्री, गर्दीशिवाय, गेथशेमाने बागेत. योहान म्हणतो, ती जागा यहूदाला ठाऊक होती, कारण येशू शिष्यांना घेऊन तिथे पुष्कळदा जात असे. म्हणजे मैत्रीतून मिळालेली माहितीच त्याने विकली. मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले तो प्रसंग लिहिणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो, की आडवाट शत्रूला सांगितली कुणी. आणि तिथेही एखाद्या घराण्याकडे बोट दाखवलं की वंशजांचा आक्षेप येतो. फितुरी माणसाची असते, तिच्यापायी कुळाला बट्टा लावायचा नसतो, हे भान दोन्हीकडे सारखंच लागतं.

चुंबनावर फार ताण देऊ नका. बागेत झाडांखाली अंधार, मशाली, झटापट व्हायची शक्यता, म्हणून पकडायचा कोण हे दाखवायची ती खूण होती. शिष्याने गुरूला करायचं ते नेहमीचं अभिवादन, नेहमीच्याच सहजतेने करू द्या. स्लो मोशन आणि व्हायोलिन नको. योहानाच्या शुभवर्तमानात तर चुंबन नाहीच; तिथे येशू स्वतः पुढे होऊन मीच तो असं सांगतो आणि यहूदा नुसता त्यांच्यात उभा असतो. हा दुसरा पर्याय अजून फारसा कुणी नीट वापरलेला नाही.

सैतान आणि विधिलिखित यांचं एकदमच सांगतो. काळा धूर, बदललेले डोळे असलं व्हीएफएक्स टाळा. लूकचं वाक्य निवेदकाच्या तोंडी ठेवलंत तर त्याचा मान राहतो. ‘हे सगळं ठरलेलंच होतं, यहूदाने येशूच्याच सांगण्यावरून केलं’ हा धागाही मोह पाडेल. २००६मध्ये नॅशनल जिओग्राफिकने कॉप्टिक भाषेतलं ‘यहूदाचं शुभवर्तमान’ प्रसिद्ध केलं तेव्हापासून तो लोकप्रिय आहे. तो ग्रंथ दुसऱ्या शतकातल्या एका पंथाचा, इरेनियस या बिशपने त्याच शतकात त्याच्यावर टीका केलेली. वाचायला विलक्षण. पण त्याच्यावर मालिका बेतलीत तर यहूदा आज्ञाधारक होतो, आणि आज्ञाधारक माणसाच्या हातून विश्वासघात कसा होणार?

मरणाच्या दोन हकीकतींत मत्तयाची घ्या. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकात तो त्या पैशांतून शेत घेतो, तिथे पालथा पडतो आणि पोट फुटून मरतो. जुन्या शिक्षाकथांच्या धाटणीचा हा शेवट आहे, त्यात प्रसंग नाही. मत्तयात मात्र तीन प्रसंग आहेत. येशूला दोषी ठरवल्याचं बघून यहूदा पस्तावतो, पैसे परत न्यायला जातो, निष्पापाला धरून दिलं म्हणतो. याजक म्हणतात, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तो नाणी मंदिरात फेकून निघून जातो आणि गळफास घेतो. मग याजक ती नाणी गोळा करतात आणि चर्चा करतात की रक्ताचा पैसा मंदिराच्या खजिन्यात टाकणं नियमात बसत नाही; त्यातून परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतात. खजिन्याच्या नियमांवरची ही चर्चा रडारड न करता, शांत आवाजात, पूर्ण लांबीची लिहा. येशूला आपण ओळखतच नाही असं शिष्य पेत्राने सांगितल्याचा प्रसंग मत्तयात याच्या लगेच आधी आहे, तो त्याच भागात घ्या: दोघांनी दगा दिला, दोघे पस्तावले, एक मंडळीत परतला. यावर कुणाच्याही तोंडी भाष्य घालू नका. गळफास पडद्यावर दाखवू नका, ते दृश्य पाहणाऱ्यांत कोण कुठल्या मनःस्थितीत असेल सांगता येत नाही.

चर्चच्या मंडळींचं म्हणाल तर, यहूदाला माणूस केल्याबद्दल फार कुणी चिडेल असं मला वाटत नाही. आपल्याच भागात थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने १६१६मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ही सगळी कथा मराठी ओव्यांत सांगितली, नव्या रूपात सांगायला तेव्हाही ना नव्हती. ठिणगी पडते ती येशूवरून. झेफिरेल्लीने येशूला साधा माणूस म्हणून दाखवणार असं म्हटल्यावर अमेरिकेतल्या कट्टर प्रोटेस्टंट धर्मोपदेशक बॉब जोन्स तिसरे यांनी मालिका न बघताच मोहीम उघडली, जनरल मोटर्सने प्रायोजकत्व सोडलं आणि ते प्रॉक्टर अँड गॅम्बलने घेतलं. प्रसारणानंतर मात्र त्याच मालिकेला अफाट प्रेक्षक मिळाला. तेव्हा पहिला खर्डा झाला की एखाद्या जाणत्या धर्मगुरूला आणि शक्य असेल तर मुंबईतल्या एखाद्या ज्यू अभ्यासकालाही वाचायला द्या, शूटिंग लागायच्या आधी. उतारे वापरताना मराठी बायबलची एकच आवृत्ती धरा, नाहीतर नावंच एका भागात एक आणि दुसऱ्या भागात दुसरी येतील.

पैशाचा प्रसंग लिहिताना हा हिशेब जवळ ठेवा. यहूदाला मिळालेली ती चांदीची तीस नाणी टायर शहराची शेकेल असावीत असं सामान्यतः मानतात, कारण मंदिराच्या करासाठी तीच चालत. एक शेकेल म्हणजे चार दिनार, तेव्हा तीसचे एकशे वीस. मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार. म्हणजे जेमतेम चार महिन्यांची मजुरी. आणि बेथानीत वाया गेलं म्हणून ज्या तेलावर यहूदा कुरकुरला, ते त्याच्याच अंदाजाने तीनशे दिनारांचं होतं. चार महिन्यांच्या मजुरीचा हा हिशेब पात्रांच्या तोंडी घालू नका, पण बेथानीच्या दृश्यात तीनशे हा शब्द स्पष्ट ऐकू येऊ द्या. कला-दिग्दर्शकालाही आधीच सांगा: एक शेकेल साधारण चौदा ग्रॅमचं, एका बाजूला टायरच्या मेलकार्त देवाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला गरुड. सगळी मिळून अर्धा किलोही भरत नाहीत, मुठीत मावेल एवढी थैली पुरते. प्रॉपर्टीवाले हमखास दोन हातांनी उचलायची गाठोडी आणतात, तेवढी परत पाठवा.